पिकअप एक, चालकासह

गाडी जुनी असणे हा गुन्हा नाही. ती चालू असणे हाही गुन्हा नाही. मात्र गाडी जुनी असूनही चालू आहे, हे आपण होऊन सरकारला कळवण्याची बुद्धी मालकाला झाली, तर पुढच्या परिणामांना कार्यालय जबाबदार नसते.

ही बुद्धी भट्टीवाल्या अण्णांना झाली. अण्णांची पावाची भट्टी. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे बाबांनी, बावन्न वर्षांपूर्वी एक पिकअप घेतली होती आणि तिच्या हौद्यातून उभी हयात गावभर पाव पोचवले होते. पुढे ती मागच्या अंगणात उभी राहिली आणि उभ्या उभ्या गंजली. बाबा आता एक्याण्णवचे. एके सकाळी ते म्हणाले, "एकदा तिच्यात बसून बाजारापर्यंत जायचंय रे. मग मी मोकळा."

अण्णांनी उस्ताद मेकॅनिकला बोलावले. उस्तादाने गाडीखाली शिरून चासीवर, म्हणजे सगळी गाडी ज्यावर बसते त्या सांगाड्यावर, बोटाने टकटक केली. बोट आरपार गेले.

"वरचं सगळं ठणठणीत आहे," तो खालूनच ओरडला. "केबिन, दारं, हौदा. पण खाली नुसता भुगा. दुसरी चासी घालावी लागेल."

भंगारात तशी एक सापडली. तिच्या मूळ पिकअपवर झाड पडून केबिनचा चुराडा झाला होता. चासी मात्र शाबूत, आणि बाबांच्या गाडीपेक्षा पंचवीस वर्षांनी तरुण. ती वीतभर लांब निघाली, म्हणून कापून जोडली. केबिनचे टेकू नव्याने केले. स्टिअरिंगचा दांडा तिरका बसत होता, तो तीनदा काढून घातला. अकरा महिने बाबा शेजारी खुर्ची टाकून हुकूम सोडत होते. "दार करकरतं ते करकरू दे! पहिल्या दिवसापासून करकरतंय ते."

गाडी सुरू झाली, आणि अण्णा ती घेऊन नोंदणी कार्यालयात गेले.

निरीक्षकाने बॅटरी मारून चासीवरचा नंबर वाचला. "गाडी झकास आहे. पण ही ती नव्हे. ही सत्तावीस वर्षांची. तुमची बावन्न वर्षांची कुठंय?"

"ही काय, हिच्यावरच बसवलीय."

"कागदोपत्री एका गाडीवर दुसरी गाडी बसत नसते. म्हणजे तुमची हरवली. आधी तक्रार नोंदवून या."

अण्णा पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने विचारले, "शेवटची कुठं दिसली?" अण्णा खोटे बोलत नसत. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवले.

त्या ठाण्यात इतक्या झटपट कुठल्याच चोरीचा छडा लागला नव्हता. गाडी फिर्यादीच्याच ताब्यात सापडल्यामुळे फिर्यादीलाच आरोपी करावे लागले. फिर्यादी अण्णांना खुर्ची देण्यात आली; आरोपी अण्णांना उभे राहण्यास सांगण्यात आले. दिवसभर ते उठत-बसत राहिले. हवालदार मनाचा मोठा. म्हणाला, "दोघं आपसात मिटवून टाका ना." अण्णांनी मिटवले. पण तडजोडीच्या कागदावर दोघांच्या सह्या तंतोतंत जुळल्याने संशय बळावला, तेव्हा आरोपीचा अंगठा घेतला.

घरी आल्यावर बायकोने विचारले, "आधी कुणाला वाढू? चोराला की मालकाला?"

"दोघांनाही भूक नाही," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकाने नव्या चासीचा नंबर रजिस्टरात शोधला. नंबरापुढे 'अपघातात पूर्णतः नष्ट' असा शेरा होता.

"नष्ट झालेली गाडी चालू शकत नाही."

"अहो, मी आत्ताच चालवत आणली!"

"तेच तर गंभीर आहे," निरीक्षक म्हणाला, आणि प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेले.

मोठ्या साहेबांच्या भिंतीवर 'वारसा जपा' अशी पाटी होती. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मडगार्डवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. अण्णांच्या जिवात जीव आला. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला: सदर वाहन वारसावस्तू घोषित करण्यात येत आहे, वारशाची झीज होऊ नये म्हणून इंजिनाला सील ठोकावे, वस्तू कार्यालयाच्या दारात शेडखाली उभी ठेवावी, आणि मालकाने ती न हलवण्याचे हमीपत्र द्यावे.

"साहेब, म्हाताऱ्याला एकदाच बाजारापर्यंत न्यायचंय हो," अण्णा हात जोडून म्हणाले.

"तुम्ही एका माणसाचा विचार करताय," साहेब प्रेमाने म्हणाले. "मला पुढच्या पिढ्यांचा करावा लागतो."

फीत कापायच्या दिवशी अण्णांनी बाबांना आणले. बाबा कोणालाही न विचारता करकरते दार उघडून आत चढले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. नेमका तेव्हाच वस्तूंची यादी करणारा कारकून आला. जे दिसले ते त्याने लिहिले: 'पिकअप एक, चालकासह.' खाली सही, शिक्का.

तिसऱ्या दिवशी बाबा सर्दीने घरी राहिले, तर दुपारी नोटीस हजर: वारसावस्तूचा एक भाग विनापरवाना घरी नेल्याबद्दल कारणे दाखवा. तेव्हापासून अण्णा त्यांना रोज दहाला गाडीत बसवतात, साडेपाचला उतरवतात. सुट्टीच्या दिवशी गर्दी जास्त म्हणून सातपर्यंत.

कार्यालयासमोर उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी बाजार. इंजिनाला सील आहे, चाकांना नाही. बाबांनी हे पहिल्याच दिवशी हेरले. हमीपत्रामुळे अण्णांचे हात बांधलेले, आणि तसेही एकट्याचे ते काम नाही. म्हणून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला काच खाली करून विचारतात, "जरा मागून धक्का मारता का? दोघं असले तरी पुरे."

गेल्या रविवारी तुम्हीही दोघे आला होतात. बाबांनी तुम्हालाही विचारले. तुम्हाला त्यांचे भारी कौतुक वाटले. तुम्ही खळखळून हसलात, "आजोबा, जरा इकडं बघा," म्हणालात, आणि 'असा वारसा जपायलाच हवा' असे लिहून तो फोटो साऱ्या गोतावळ्याला पाठवलात. फोटो अण्णांनीच काढून दिला होता. तुम्ही दोघे त्यात छान आला आहात.