कळीवरचे वजन

कर्जतच्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे अर्जनवीस बाळाराम जाधव कोटाच्या खिशात वाण्याकडचे पन्नास ग्रॅमचे पितळी वजन बाळगीत असत. टाइपरायटर दिसला की प्रथम ते त्यास नमस्कार करीत. मग ते वजन अगदी कडेच्या कळीवर अलगद ठेवीत आणि हात मागे बांधून उभे राहत. कळ आपोआप खाली गेली नाही, की ते यंत्र नापास.

त्यांच्या शेजारची बैठक माझी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे असले तरी माझ्या मसुद्यातील एकही काना आजवर कोणा मामलेदाराने बदललेला नाही, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. शेडमध्ये एक टायपिस्ट येऊन बसला आणि पक्षकार त्याच्याकडे वळू लागले, तेव्हा मी लेखणीवरील निष्ठा ढळू दिली नाही. बाळारामदादांनी मात्र यंत्र घेण्याचे ठरविले. सुलोचनावहिनी लग्नापूर्वी टायपिंगची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या होत्या. "मी सांगनार, ती बडवनार," दादा म्हणत.

चौक गावी हायवेलगत यंत्रे विकणारा व दुरुस्त करणारा मुरली नावाचा इसम होता. तो टेंपोतून एकेक यंत्र आणून दाखवी. दादा कॅरेजची रुंदी पाहत, रिबीन पाहत, जोडाक्षरे पाहत. दोन यंत्रे शेजारी मांडून वधूपरीक्षेसारखे प्रश्न विचारीत. शेवटी वजन निघे. कळ ढिम्म राही.

"थांबा, नवं मॉडेल येतंय," एवढे बोलून ते वजन खिशात टाकीत.

अशी वर्षे गेली. यंत्रे खरोखरच हलकी होत गेली. परंतु दादांच्या खिशातील पन्नासाचे वजन जाऊन विसाचे आले, पुढे दहाचे. मुरलीने कपाळाला हात लावला.

"दादा, मी मशीन हलकं आनतोय नि तुमी वजन कमी करताय! उद्या काय मुंगी बशिवनार कळीवर?"

शेड हसली. मीही हसलो. दादाही हसले, पण वजन मुठीतच राहिले.

त्यानंतर मुरलीने मुंबईहून अगदी नवे मॉडेल आणले. "याच्यापुढं हलकं निगायचं नाय," असे त्याने बजावले. दादांनी दहाचे वजन कडेच्या कळीवर ठेवले. पुष्कळ वेळ वाट पाहिली. कळ हलली नाही. मुरलीने निमूटपणे झाकण लावले. दादांनी सदऱ्याच्या टोकाने ती कळ आधीच पुसून ठेवली होती.

त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून मी भिसेगावला त्यांच्या घरापर्यंत सोबत गेलो. वहिनी खाटेवर पडून होत्या. संधिवाताने त्यांची बोटे वळली होती, हे मला ऐकून ठाऊक होते, प्रत्यक्ष पाहिले ते तेव्हाच. खाटेच्या दांडीला वाण्याचा छोटा तराजू टांगलेला होता. दादांनी एका पारड्यात दहाचे वजन ठेवले. वहिनींनी दुसऱ्या पारड्यावर करंगळी टेकवली आणि ओठ दाबून जोर दिला. वजनाचे पारडे महत्प्रयासाने वर उचलले गेले.

"जमतंय की गं अजून!" दादा म्हणाले.

वहिनींना धाप लागली होती. "मशीन बगितलंत ना? एवड्यानं पडली का कळ?"

"पडली नाय. पन हलली गं, जराशी. पुडल्या मॉडेलला पडनार."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. "भावजी, तुमी तितं व्हता. खरंच हलली?"

वरील मजकूर खरा व बरोबर आहे, हे वाक्य मी उभ्या आयुष्यात असंख्य अर्जांखाली लिहिले आहे. न पाहिलेल्या गोष्टीस साक्ष देण्यास मी थोरामोठ्यांनाही नकार दिलेला आहे.

"हलली, वहिनी," मी म्हणालो. "माझ्यासमक्ष हलली."

दादांनी वजन पारड्यातून उचलले आणि माझ्याकडे न पाहता चहाचे आधण ठेवायला आत गेले.