खोक्यातलं कौतुक

कार्यक्रम रविवारी, आणि बुधवारी सकाळी खोक्याने किंकाळी फोडली. खोकं म्हणजे धाकट्याच्या एडिटिंगच्या टेबलाखाली चार डिस्क पोटात घेऊन घुरघुरणारा काळा डबा. वडिलांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसासाठी धाकटा जी फिल्म करत होता, ती सगळी त्यात होती. नातेवाईक, जुने सहकारी, शेजारी अशा सगळ्यांच्या मुलाखती. आणि वडिलांचं एक वाक्य.

त्या वाक्याचं आधी सांगायला हवं. वडील पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनियर. थोरला मुलगा पूल बांधतो, म्हणजे तो काम करतो. धाकटा व्हिडिओ एडिट करतो, म्हणजे तो घरी असतो. वडिलांचा हिशोब इतका सरळ होता. पाहुण्यांशी ओळख करून देताना ते म्हणत, "हा कॉम्प्युटरवर चित्रं कापतो." ऐकून ऐकून धाकट्याचे केस पिकायला लागले होते. पण मुलाखतीत, कॅमेऱ्याकडे सरळ बघत, तेच वडील म्हणाले होते, "धाकट्याने स्वतःच्या हिमतीवर नाव कमावलं. मला त्याचा अभिमान वाटतो." कामाच्या नावाखाली धाकट्याने ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी बायकोने त्याच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं.

किंकाळी ऐकून वडील त्याच दारात आले.

"काय बोंबलतंय?"

"काही नाही बाबा, एक डिस्क गेलीय. एक गेली तरी उरलेल्या तिघी सांभाळून घेतात. त्यासाठीच तर हे खोकं घेतलं."

"आणि याची दुसरी प्रत?"

"हे खोकंच बॅकअप आहे म्हणा ना."

"आमच्याकडे जादाचा पंप असायचा, पण तो दुसऱ्या इमारतीत असायचा."

"पंपाचं वेगळं असतं, बाबा," असं म्हणून धाकटा हसला. म्हाताऱ्या माणसांना तंत्रज्ञान समजावताना हसतात, तसलं ते हसू होतं. नंतरचे काही दिवस त्याला हसायला सवड मिळाली नाही.

पडद्यावर लिहून आलं होतं, 'डिस्क २ निकामी.' धाकटा टापटिपीचा माणूस. त्याने चारही डिस्कवर एक ते चार असे छापील आकडे चिकटवले होते. नवी डिस्क हाताशी घेऊन त्याने दोन नंबरची बाहेर ओढली. घुरघुर थांबली आणि चारही दिवे लाल झाले. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खोकं शून्यापासून मोजतं. खोक्याची दोन म्हणजे त्याची तीन. आजारी डिस्क आत राहिली होती आणि ठणठणीत डिस्क त्याच्या हातात होती.

इथे हात आवरला असता तरी निभावलं असतं. पण घाबरलेला माणूस कधी हात आवरतो का? त्याने डिस्क परत आत खुपसली. खोक्याने विचारलं, 'नव्याने जुळवणी करू का?' धाकट्याने प्रश्न वाचायच्या आत 'हो' दाबलं. मग त्याने एका मित्राला फोन लावला. मेलेल्या डिस्कमधून माल काढून देणं हा त्या मित्राचा धंदा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत.

"आता काय चाललंय?" डॉक्टरने विचारलं.

"जुळवणी चाललीय. अर्ध्यावर आलीय."

"जुळवणी कसली डोंबलाची! तो डबा तुझ्या चांगल्या मालावर कचरा लिहितोय. प्लग काढ! आधी प्लग काढ!"

धाकट्याने प्लग उपटला.

"काय रे, बॅकअप ठेवा म्हणून वर्कशॉप घेतोस ना तू?"

"घेतो."

"धन्य आहेस. पाठव खोकं."

दारातून वडिलांनी विचारलं, "काय झालं शेवटी?"

"मोजण्यात चूक झाली, बाबा."

"चारपर्यंत?"

बायको मात्र शांत होती. "मुलाखती परत घेऊ की. सगळे जवळच तर राहतात."

"लोकांचं जाऊ दे गं. बाबांचं ते वाक्य परत कुठून आणू? असं ते आयुष्यात एकदाच बोलले."

बायको घाईघाईने चहा टाकायला उठली.

शुक्रवारी डॉक्टरने एक डिस्क आणून दिली. "मिळालंय, पण नाचू नकोस. पुढचा सगळा भाग खोक्याने खाल्ला. तू डिलीट केलेलं मात्र मागच्या कोपऱ्यात तसंच पडून होतं."

"म्हणजे जपून ठेवलं ते गेलं आणि फेकलं ते परत आलं?"

"अगदी."

धाकटा आपलाच उकिरडा उपसायला बसला. आत्या दातात अडकलेलं काहीतरी काढत होती. वडिलांचे एक जुने सहकारी जांभई देऊन विचारत होते, "त्यांच्याबद्दल चांगलं काय बोलायचं ते सांगा, पटकन बोलून टाकतो." मग वडील दिसले, अर्धे चौकटीबाहेर. धाकटा बॅटरी आणायला गेला होता आणि कॅमेरा चालूच राहिला होता. ही क्लिप त्याने न बघताच उडवली होती. आता त्यात बायकोचा आवाज आला.

"बाबा, तो यायच्या आत एकदा म्हणून बघा ना."

"मला पटत नाही ते कशाला बोलू?"

"त्याला बरं वाटेल हो."

"थोरल्याबद्दल कुणी मला पढवलं का?"

"म्हणून तर म्हणते. 'स्वतःच्या हिमतीवर...'"

"स्वतःच्या मेहनतीवर..."

"हिमतीवर, बाबा."

"हिमतीवर. आणि अभिमानाचं आधी की नंतर?"

"नंतर. मग लगेच जेवायला वाढते."

वडील पुटपुटत पाठ करू लागले. तेवढ्यात पावलं वाजली आणि धाकट्याचा स्वतःचाच खुशीतला आवाज आला, "काय बाबा, तयार?"

धाकट्याने हेडफोन काढले. त्याला रडू आलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. रागवायचं तरी कुणावर? एकीने त्याच्यासाठी कौतुक मागून आणलं होतं आणि दुसऱ्याने जेवणाच्या वेळी ते उरकलं होतं.

"सापडलं का काही?" बायकोने दारातून विचारलं.

"बाबांचं नाही सापडलं. नुसती रिकामी खुर्ची आहे."

"बरं," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडल्याचं धाकट्याला स्पष्ट दिसलं.

शनिवारी मुलाखती पुन्हा झाल्या. सगळ्यात शेवटी वडील खुर्चीत बसले. धाकट्याने दिवे लावले, कॅमेरा सुरू केला आणि विचारलं, "बाबा, धाकट्याबद्दल काय सांगाल?"

"धाकट्याने स्वतःच्या हिमतीवर नाव कमावलं. मला त्याचा अभिमान वाटतो." एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. वडील उठायला लागले. "झालं ना?"

"बसा, बाबा. आणखी एकदा घेऊ."

"का? काही चुकलं?"

"चुकलं काही नाही," कॅमेऱ्यामागून मान वर न करता धाकटा म्हणाला. "पण जरा मनापासून म्हणा."

वडिलांनी सुनेकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली. वडिलांनी घसा खाकरला, आवंढा गिळला आणि तेच वाक्य थांबत थांबत, आवाज थोडा कापरा करून म्हटलं. ते इतकं झकास वठलं, की धाकट्याने आधीचा टेक तिथल्या तिथे पुसून टाकला.