अर्थिंगच्या तारेवरचे बोंबील

काशीबाईला घरात दोन गोष्टी खपत नसत. एक म्हणजे तिच्या बोलण्यात मधे तोंड घालणारा माणूस, आणि दुसरी म्हणजे लेक वामन बनवत होता तो अँप्लिफायरचा डबा. माणसाला ती एका नजरेत गप्प करायची. डब्याला गप्प करण्यासाठी मात्र तिचा लेक सहा महिने खपत होता.

वामन तारापूरच्या एका कारखान्यात फिटर. पगार झाला की मुंबईला जाऊन सुटे भाग आणायचा आणि सातपाटीच्या घरात माळ्याखाली बसून ते कथिलाने डागून जोडायचा. दुकानातला चांगला अँप्लिफायर परवडत नव्हता आणि जो परवडत होता, तो त्याच्या मते गुणगुणत होता.

"आये, सोस्तातला डबा नुसता वरडतो," तो समजावायचा. "आपल्याला साफ पायजे. ढोलकी वेगळी, पेटी वेगळी, गानाऱ्या बाईनं श्वास घेतला तर तोबी वेगळा."

"आनि ह्यो दुसरा डबा कशाला?"

"प्री-अँप. टेपचा बारीक आवाज ह्यो निगुतीनं वाढवतो, मंग मोठ्याला देतो. खरी परीक्षा सांगू? टेप बंद ठेवायचा नि आवाज पुरा सोडायचा. तरी ह्या स्पीकरच्या पेट्यांतून कायच आयकू नाय आलं, तर माल चांगला."

काशीबाईने कपाळावर हात मारला. "मंग इजेचं बटनच दाबू नको. फुकटात कायच आयकू येनार नाय."

शेवटी वामनने परसात लोखंडी सळई ठोकली, डब्यापासून आणलेली जाड तांब्याची लांबलचक तार तिला बांधून अर्थिंग दिलं, आणि त्या शनिवारी डब्याची गुणगुण थांबली. तारेचं उरलेलं भेंडोळं त्याने तिथेच सोडलं आणि आनंदाने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी दातिवऱ्याहून चंद्रकांता आपल्या लेकीला घेऊन घर बघायला येणार होती. मुलगी हंसा, बोईसरला कंपनीत पॅकिंगला होती. काशीबाईला हे स्थळ हवं होतं, पण त्याहून जास्त हवं होतं ते चंद्रकांताचं तोंड आश्चर्याने उघडं पडलेलं. त्या बाईच्या दिमाखाच्या गोष्टी मनोरच्या बाजारापर्यंत पोचल्या होत्या. म्हणून शेजारच्या सुलूच्या चार खुर्च्या आल्या, खंडेरावचा पंखा आला. नवऱ्याला, म्हणजे बोट चालवणाऱ्या कमलाकांत तांडेलला, समुद्रावर जातानाच बजावलं होतं: बारापर्यंत यायचं, पांढरा सदरा घालायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

या गडबडीत सकाळी परसातली बोंबलांची दोरी तुटली. अर्धे सुकलेले बोंबील वाळूत पडले. काशीबाईने इकडेतिकडे पाहिलं, तर जमिनीत ही एवढी दणकट तार उगाच पडलेली. जमिनीत गाडून तिला काय कोंब फुटणार होते? तिने सळईवरून तार सोडली, या बांबूवरून त्या बांबूवर ताणली आणि एकात एक जबडे अडकवून दोनशे बोंबील ओळीने लटकवले. हात धुतले नि नवं लुगडं नेसली.

पाहुण्या अकराला आल्या. चंद्रकांताच्या गळ्यात अशी बोरमाळ होती की काशीबाईला पाणी द्यायचंही सुचेना.

"तांडेल कुठं हायत?" चंद्रकांताने खुर्ची दाबून बघत विचारलं.

"भरती नाय अजून. बोट खाडीच्या तोंडाशी थांबली आसंल. माज्या शब्दाभायेर जायाचे नायत ते. तुमचे मालक?"

"ताप हाय ओ. घोंगडी घेऊन पडलेत बिचारे."

"घरात सामान झ्याक हाय," मग पंख्याकडे बघत चंद्रकांताच पुढे म्हणाली.

"समदं सोताचं," काशीबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या वस्तूला आमी हात लावत नाय."

हंसा हळूच म्हणाली, "त्यांचा अँप्लिफायर बगायचा होता." काशीबाईला पहिल्यांदाच तो डबा कामाचा वाटला. तिने लेकाला खूण केली.

वामनने सदऱ्याच्या बाहीने डबा पुसला. "आता आयका हां. टेप बंद हाय. मी आवाज पुरा सोडतो. कायच आयकू येनार नाय."

त्याने बटण फिरवलं. पेट्या घरघरल्या. वामनच्या तोंडचा रंग उडाला. "काल तर गप होता," तो पुटपुटला आणि पेटीला कान लावायला वाकला. तेवढ्यात पेटी खोकली.

काशीबाई जागच्या जागी थिजली. तो खोकला ती तीस वर्षं ऐकत होती. हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"आयकतोस का नामदेव?" दोन्ही पेट्यांतून कमलाकांत गरजला. पेला हलला. "भरती कवाच आली, पन मी आत जात नाय. पावणे जाऊ दे आदी. ओवर."

"अगो बाय!" काशीबाईच्या तोंडून निघालं. गेल्याच साली बोटीवर वायरलेस बसवलं होतं. पण ते बोटीवर! घरात कसं आलं?

"सुलूच्या खुर्च्या आनल्यात," पेट्या सांगू लागल्या, "खंडेरावचा पंखा आनलाय. मला म्हनते सदरा घाल नि गप बस. आरं, घरात बसलो तर कुठली वस्तू आपली नि कुठली शेजाऱ्याची, मलाच कळनार नाय!"

"बंद कर!" काशीबाई किंचाळली.

"ऱ्हाऊ दे की," चंद्रकांता गोडीत म्हणाली आणि सुलूच्या खुर्चीत रेलून बसली. "आवाज किती साफ येतो!"

पेटीत दुसरा माणूस हसला. ते हसू ऐकताच चंद्रकांता ताठ झाली.

"माजी काय येगळी गत हाय?" तो म्हणाला. "मी तापाचं सोंग घेतलं. बाई एस्टीत बसली नि मी बोट काढली, आलो तुज्याच खाडीच्या तोंडाशी. ती गेलीय भावजयीची बोरमाळ घालून. तुज्या बायकोला दिपवाया! ओवर."

चंद्रकांताचा हात गळ्याकडे गेला. "ह्यो... ह्यो आमच्या मालकांचा आवाज नाय. बंद करा ते!"

"ऱ्हाऊ दे की," काशीबाई म्हणाली. "घोंगडीत सुदिक किती खणखणीत बोलतात बिचारे!"

"पन या दोघी थाट कुनाला दावतात रं?" कमलाकांत विचारत होता. "पोरांनी तर कवाच ठरवलंय. कंपनीच्या क्यांटीनात. माजा वामन तो डबा कुनासाठी बनवतो, वाटलं तुला? तुज्या हंसाला गानी आवडतात म्हनून!"

वामनने डब्याकडे झेप घेतली.

"हात लावू नको!" दोघी आया एकदम ओरडल्या.

पण पेट्यांत इंजिन सुरू झाल्याची खडखड आली आणि सगळं शांत झालं. अगदी वामनला हवं होतं तसं. कुणी श्वास घेतला तर तोही वेगळा ऐकू आला असता, पण कुणी घेत नव्हतं.

हंसा जमिनीकडे बघत म्हणाली, "घरघर सोडली, तर चांगला वाजतो."

चंद्रकांताने काशीबाईकडे पाहिलं. काशीबाईने बोरमाळेकडे पाहिलं. "चंद्रकांताबाय, च्या ठेवते," ती म्हणाली. "कपबश्या माज्याच हायत." आणि त्या दोघींना असं हसू फुटलं की सुलूची एक खुर्ची मोडता मोडता राहिली. चहा संपायच्या आत तिथी ठरली.

दुपारी कमलाकांत दमल्यासारखा घरात शिरला. "पावणे गेले का गो? काय करनार, भरतीच नव्हती."

"बसा," काशीबाई म्हणाली. "ती सुलूची खुर्ची, ती नको. ही आपली, हिच्यावर. वळखू येत नाय ना तुमाला? नि नामदेवरावांचा ताप उतरला का? ओवर."

तांडेलच्या हातातली पापलेटं खाली पडली. तीस वर्षांत वादळालाही तो इतका घाबरला नव्हता.

संध्याकाळी वामनने तारेचा माग काढला. सळई एकटी उभी होती आणि त्याचं अर्थिंग बांबूंवर चढून वास मारत होतं. तो पक्कड घेऊन आला, तर काशीबाई आडवी उभी.

"आये, हिच्यामुळंच डबा घरघरतो नि बोटीचं वायरलेस पकडतो. तार जमिनीत पायजे."

"आदी बोंबील सुकू दे."

बोंबील चार दिवसांत सुकले, बाजारात गेले, लोकांनी खाऊनही टाकले. तार बांबूवरच राहिली. रोज भरतीच्या आधी काशीबाई हात पुसून डब्यासमोर बसायची.

आठवड्याने पेट्या खोकल्या आणि कमलाकांत बोलला, "नामदेव, एक सांगतो. माज्या काशीसारकी बाय अख्ख्या सातपाटीत नाय. तिच्या हातचं कालवन, तिची अक्कल... माजं नशीब मोठं रं! ओवर."

काशीबाईने मान हळूच वळवली. वामन खिडकीबाहेर एकही होडी नसलेल्या खाडीकडे फार लक्ष देऊन बघत होता.

"मी आजून आयकते, ह्ये बापाला तूच सांगितलंस," ती म्हणाली.

वामनने मान खाली घातली. पेट्या काशीबाईच्या कालवणात किती कोकम पडतं ते सांगत होत्या.

काशीबाईने पदर नीट केला. "समदं खोटं बोलतोय मेला," ती म्हणाली. "पन डबा चांगला बनवलायस हां. जरा वाढव आवाज. सुलूच्या घरापत्तूर गेला पायजे."