साहेबरावांचं मोरावरचं व्याख्यान

बारामतीच्या चित्रदालनात दर महिन्याला कलेवर व्याख्यान होई आणि इंदापूरच्या तहसील कचेरीतले कारकून साहेबराव ते ऐकायला एसटीने जात. दोन वर्षं मागच्या खुर्चीत बसून त्यांनी निमूट ऐकलं. मग एकदा ठरलेल्या वक्त्यांचं येणं रद्द झालं आणि दालनाचे चालक यशराज म्हणाले, ‘‘साहेबराव, या खेपेला तुम्हीच बोला.’’

विषय होता भिंतीवरची चित्रं. खरं तर एकच चित्र. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला कळसच्या घरी, मातीच्या भिंतीवर बायकोने चुन्याने काढलेला मोर. तो बघूनच साहेबरावांना चित्रांची गोडी लागली. पण हे त्यांनी बायकोला आजवर सांगितलं नव्हतं. (संसारात बोलणं होतं ते गॅस संपल्याचं.) आता चारचौघांत सांगायचं आणि तुळसाबाईंनी समोर बसून ऐकायचं, असं त्यांनी मनात ठरवलं.

‘‘मी येऊन काय करू?’’ तुळसाबाई म्हणाल्या.

‘‘तू आलीस तरच बोलणार.’’

‘‘मग रिकाम्या हातानं न्हाय जायचं. यशराजसायबांना एक नारळ तरी द्या.’’

साहेबरावांनी नारळ घेतला आणि तिथंच फसले. यशराजांना नारळ, मग अध्यक्षांना नको? अध्यक्षांना नुसता नारळ कसा, शाल हवी. त्यात कळसहून चुलतभाऊ गेणबा साहेबरावांची बहीण छबू आणि जीपभर भाऊबंद घेऊन दालनात हजर. त्यांत एक माजी सरपंच, एक सोसायटीचे चेअरमन. त्यांना वगळून दुसऱ्यांना शाल दिली असती, तर साहेबरावांना गावात कुणी पाणी विचारलं नसतं. शेजारच्या दुकानातून शाली आणवल्या.

सत्कार सुरू झाले. ज्याला शाल मिळाली तो ‘दोनच शब्द’ बोलला. चेअरमन तर उसाच्या बेण्यावर इतकं रंगून बोलले, की चित्रकलेचे दोन विद्यार्थी टिपणं काढू लागले. मध्येच गेणबाने माइक धरला, ‘‘कोण ऱ्हायलं का? लाजू नका!’’ आणि दर वेळी कुणीतरी राहिलेलं निघालंच. शेवटी तुळसाबाईंचाही सत्कार झाला. टाळ्या कडाडल्या.

साहेबराव उठले. घसा साफ केला. ‘‘सन्माननीय अध्यक्ष...’’

‘‘भाऊ, इंदापूरची शेवटची गाडी लागली!’’ दारातून गेणबा ओरडला.

व्याख्यान संपलं.

जीपमध्ये जागा नव्हती, म्हणून नवराबायको एसटीत बसले. गाडी गावाबाहेर पडली, तेव्हा साहेबराव खिडकीकडे बघत हळूच बोलू लागले. मातीची भिंत, चुन्याची रेघ, मोराची वळलेली मान... सगळं व्याख्यान त्यांनी एकाच श्रोत्याला दिलं. तुळसाबाईंनी सत्काराची शाल तोंडावर धरली. (डोळे पुसत असणार, असं साहेबरावांना वाटलं.)

‘‘अवो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्यो मोर छबूवन्संनी काढला व्हता. मी नुसता चुना कालवून दिला.’’

‘‘छबूनं? आपल्या छबूनं?’’

‘‘व्हय. आज पयल्याच रांगंत बसल्या व्हत्या की. बरं झालं गाडी लागली ती!’’

‘‘मग तू काहीच काढलं नव्हतंस?’’

‘‘काढलं व्हतं. दाराजवळ, कासव.’’

‘‘मला कसं दिसलं नाही?’’

‘‘दिसंल कसं? दुसऱ्याच दिवशी शर्ट अडकवायला तुमी त्याच्या पाठीत खिळा ठोकला.’’