गजाभाऊंची सीतेची वेणी

आमच्या वडगावात वाऱ्यानं झाड पडलं की लोक आधी विजेच्या तारा बघतात. आमचे शेजारी गजाभाऊ आधी फांद्या बघतात. मग पडलेल्या खोडावर पालथे पडून, सालीला चिकटलेली एखादी हिरवी जुडी मुळांसकट अलगद सोडवत बसतात. ही आमरी. शहरातल्या फुलवाल्याकडे तिला ऑर्किड म्हणतात.

भाऊ एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण जीभ अजून गाडीतच आहे. दारच्या आंब्यावर त्यांनी अशा बेघर आमऱ्या बांधल्यात. आमरीला कुणी बांडगूळ म्हटलं की संपलं. "बांडगूळ म्हंजी विनातिकीट! झाडाचा रस पितंय. ही पासवाली हाय. नुसती बसती, हवेतली ओल पिती. कुनाचं काय घेत न्हाई."

एकदा मी हौसेनं त्यांच्याकडून एक मागून आणली आणि कुंडीत माती, शेणखत घालून लावली. भाऊ ते बघून पायरीवर मटकन बसले.

"ताई, जित्या जिवाला पुरलंत की ओ!"

त्यांनी ती उपटली, मुळं धुतली आणि आमच्या जांभळाच्या खोडाला चिंधीनं बांधली. "चिंधी सुतीच पायजे. ती कुजंस्तवर मुळं साल धरत्यात. सकाळचं ऊन, उन्हाळ्यात पान्याचा फवारा. बाकी हात लावायचा न्हाई."

हात लावण्याच्या बाबतीत ते फार कडक. मे महिना सरत आला की आमरीचे तुरे लोंबू लागतात, पांढऱ्यावर गुलाबी जांभळे ठिपके, थेट वेणीसारखे. म्हणून तर तिला सीतेची वेणी म्हणतात. लग्नसराईत पोरी केसात माळायला मागतात, म्हातारी माणसं सांधेदुखीसाठी मूळ मागतात. भाऊंचं उत्तर एकच. "जागा न्हाई. मागनं गाडी येतीया."

भुशी गावच्या वाटेवर पडलेल्या झाडावरून आणलेली एक आमरी दारच्या आंब्यावर काही वर्षं नुसतीच पानं दाखवत होती. यंदा तिला पहिला तुरा आला, हातभर लांब. भाऊ खाली खुर्ची टाकून राखणीला बसले. सेल्फीसाठी तो ओढणाऱ्या एका पाहुणीला त्यांनी थेट फाटकाबाहेर उतरवलं.

परवा सकाळी बघते तर तुरा गायब. देठ सफाईनं कापलेला. भाऊंना सांगायचं कसं? त्यांचं दार उघडंच होतं.

आत पारूमावशी, भाऊंची बायको, खाटेवर बसली होती. तिच्यावर पुण्याला उपचार चालू आहेत, आणि दिवाळीपासून ती दाराबाहेर आलेली नव्हती. औषधांनी केस गेल्याचं मी नुसतं ऐकून होते. डोक्याला घट्ट रुमाल होता. मागे भाऊ उभे, हातात तो तुरा, दातांत पिन.

"बघा की ओ ताई," मावशी म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं कदी गजरा आनला न्हाई. आन् आता केस न्हाईत तवा वेनी आनलीया!"

"हलू नगंस," भाऊ पिन न काढताच पुटपुटले. त्यांचे कान तांबडे झाले होते. "टोचंल."

वेणी रुमालाला लागली, खांद्यावर उतरली. मावशीनं ती चाचपली. "आरसा द्या."

भिंतीवर आरशाच्या जागी नुसता खिळा होता.

"केस गळाया लागल्यावर ह्यांनी काडून ठिवला," मावशी मला म्हणाली. "म्हनले, फुटला." मग भाऊंकडे वळून, "आना आता. मला ठावं हाय कुटं हाय."

भाऊंनी ट्रंकेतून धोतरात गुंडाळलेला आरसा काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. मावशी मान इकडून तिकडे वळवत कितीतरी वेळ बघत राहिली.

"जरा वर धरा," ती म्हणाली.

भाऊंनी आरसा वर उचलला, आणि आपलं तोंड त्याच्यामागे लपवलं.