बंद खिडकीसमोरची रांग

"माणूस म्हणजे निव्वळ मेंढरू, आई! पुढचा थांबला की मागचा थांबणारच. मी नाही बुवा त्यातला!" पंडितने फोनवर ठणकावलं. पंडित हे मित्रांनी ठेवलेलं नाव. समाजशास्त्राच्या तासाला तो मॅडमनाही बोलू देत नसे.

"बरं बाबा, नसशील! आजची तोंडी परीक्षा तेवढी नीट दे. पुन्हा आपटलास तर वर्ष गेलंच म्हणून समज."

परीक्षेला अवकाश होता. कार्यालयाबाहेरच्या एका बंद खिडकीसमोर उभा राहून पंडित उत्तरं घोकू लागला. थोड्या वेळाने एक मुलगी मागे येऊन उभी राहिली. मग दोघं आली. मग दुपारचा डबा हातात घेऊन एक कारकूनच आला! पंडितने वळून पाहिलं, तर रांग पार जिन्यापर्यंत!

"वसतिगृहाच्या खोल्या देतायत म्हणे!"

"छे हो, हजेरी माफ करतायत!"

पंडितला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता हेच उदाहरण मॅडमच्या तोंडावर फेकायचं! रांगेतले चेहरेही न पाहता तो जिने चढत परीक्षेच्या खोलीत घुसला. मॅडमची खुर्ची रिकामी.

"मॅडम? त्या कधीच्याच खाली गेल्या," शिपाई म्हणाला. "रांगेत नंबर लावायला!"

पंडितचं धाबं दणाणलं. धापा टाकत तो खाली आला. मॅडम रांगेच्या मध्यावर पर्स छातीशी धरून उभ्या होत्या.

"मॅडम, माझी परीक्षा!"

"थांब रे, नंबर जाईल माझा."

"अहो, इथे काहीच मिळत नाहीये! ही रांग मीच सुरू केली! नुसता उभा होतो मी!"

"मधे घुसायला बरी थाप शोधलीय!" मागून कुणीतरी ओरडलं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढी माणसं काय वेडी आहेत? माझं काम झालं की घेते तुझी परीक्षा. तोवर जा, मागे उभा राहा."

वर्षाचा प्रश्न होता. पंडित मुकाट्याने शेवटी जाऊन उभा राहिला. खिडकी काही उघडेना. हळूहळू त्याच्याही मनात आलं, खोली मिळाली तर काय वाईट आहे? तो टाचा उंचावून पुढे पाहू लागला.

तेवढ्यात एक गृहस्थ हळूच त्याच्यापुढे सरकले. पंडित असा कडाडला की पार मॅडमपर्यंत ऐकू गेलं.

"ओ काका, मागे व्हा! आम्ही काय उगाच उभे आहोत इथे?"