शेवाळावरची वस्ती आणि बजाबाईंची घासणी

"यंदा पहिला नंबर आपलाच!" महिपती सरांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. निवृत्त झाले तरी शिकवायची खोड सुटली नव्हती. नात संस्कृतीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी थेट रत्नागिरीहून सोलापूरला बरणीभर समुद्राचं पाणी आणि शेवाळ मागवलं.

"हा बुळबुळीत थर बघ. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची ही वस्ती! शेवाळ त्यांना खाऊ देतं, ते शेवाळाला जपतात."

"म्हणजे भाडेकरू?"

"हो, पण न भांडणारे!"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सर शाळेतला सूक्ष्मदर्शक घेऊन घरी आले आणि दारातच थबकले. नळाला पाणी आलं होतं! चार दिवसांआड येणारं पाणी आलं की घरातलं शिळं पाणी ओतायचं, प्रत्येक भांडं घासून भरायचं, हा सरांच्या पत्नी बजाबाईंचा धर्म. घड्याळ सोडून सगळं काठोकाठ भरलं होतं. बरणीसुद्धा!

"अगं, यातलं शेवाळ?"

"दोरीवर वाळत घातलंय की! लई बुळबुळीत हुतं. घासनीनं खसाखसा घासलं. पोरीचं हाय म्हनून साबन तेवढा न्हाय लावला."

सरांच्या बनियनशेजारी शेवाळ लटकत होतं. लख्ख!

"बजा, नोटीस न देता अख्खी वस्ती उठवलीस गं!"

संस्कृतीचे डोळे भरले. "मग ते जीव गेले कुठं, आजोबा?"

मुलांच्या प्रश्नाला उलट प्रश्न विचारायचा, ही सरांची रीत संकटातही सुटेना. "तूच सांग. घासल्यावर कुठं जातील?"

"घासणीवर!"

घासणी पिळून थेंब काचेवर ठेवला, तर आत आठवडी बाजार भरलेला! त्यातले समुद्राचे कोण आणि आपल्या मोरीतले कोण, हे मात्र सरांनाही ओळखता येईना. म्हणून त्यांनी प्रामाणिक पाटी लिहिली : 'आमच्या आजीची घासणी. समुद्राचे पाहुणे, सोलापूरचे यजमान.'

पहिला नंबर आला! परीक्षक माईकवर गरजले, "बजाबाईंच्या घासणीवर आहे तेवढी जीवसृष्टी मी कुठंच पाहिली नाही!"

पुढच्या रांगेत गल्लीतल्या साऱ्या बायका. शेजारच्या गुरम्मा तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. बजाबाई ताठ मानेनं मंचावर गेल्या आणि नातीबरोबर ढाल घेऊन आल्या. सरांना वाटलं, स्वारी खूश आहे!

घरी येताच बाईंनी ढाल फळीवर ठेवली आणि कोरी घासणी सरांच्या हातात.

"घ्या. ती समदी वस्ती तुमची. हितनं फुडं तुमीच सांबाळा."

तेव्हापासून घरची भांडी सर घासतात. कुणी विचारलंच, तर म्हणतात, "संशोधन चालू आहे!"